उठणंही जीवावर येतं, त्या दिवसांसाठी

एक फॉर्म माझ्या टेबलावर तीन आठवडे पडून होता. सगळा भरलेला. शेवटच्या पानावर सही करायची आणि पाकिटात घालायचा, एवढंच उरलं होतं. टेबल पुसताना मी तो उचलायचे, खालची धूळ पुसायचे आणि परत जागच्या जागी ठेवायचे. सहीला दहा सेकंद लागतात हे मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तो कागद रोज थोडा थोडा जड होत गेला.

मग एका संध्याकाळी मी एक पेन आणून त्या कागदावर ठेवलं. सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून जाताजाता सही होऊन गेली. त्या पेनामुळे जे लक्षात आलं, आणि पुढे वाचून, लोकांशी बोलून, स्वतःवर करून पाहून जे उमगलं, ते नवख्या माणसाला पहिल्या दिवसापासून वापरता येईल अशा क्रमाने इथे मांडते आहे.

कामं डोक्यावर बसली आहेत, अंगात त्राण नाही, साध्या मेसेजला उत्तर द्यायचं तरी जीवावर येतं, आणि बाहेरून मात्र सगळं सुरळीत दिसतं, अशा माणसासाठी हे लिहिलं आहे. सगळं एका दमात अमलात आणायला जाऊ नका. पहिली पायरी वाचता वाचता करा. बाकीच्यांना आठवडे लागले तरी काही बिघडत नाही.

पहिली पायरी: आधी शरीराची चौकशी

डोकं भणभणत असतं तेव्हा मनात सर्वांत आधी येतो तो प्रश्न "माझंच काय चुकतंय?" हा. तो थोडा वेळ बाजूला ठेवा. त्याआधी विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत. शेवटचं पाणी कधी प्यायलात? पोटभर खाणं कधी झालं? काल किती तास झोप लागली? रोजचं औषध राहिलं का? गेले दोन तास एकाच जागी बसून किंवा पडून आहात का?

लहान मूल किरकिर करायला लागलं की आपण आधी त्याची भूक आणि झोप पाहतो, त्याच्या स्वभावावर भाष्य करत बसत नाही. स्वतःशीही तेवढंच वागायचं आहे.

यातलं जे राहून गेलं असेल, त्यातलं सर्वांत सोपं आत्ता करा. ग्लासभर पाणी प्या. पलंगावरून पाय खाली सोडून तळवे जमिनीला टेकवा. खिडकीपाशी जाऊन उभे राहा. उठणंच शक्य नसेल तर आहात तिथे श्वास घ्या: नाकाने श्वास आत घ्यायचा, छाती भरत आली की वर आणखी एक छोटा श्वास नाकानेच ओढायचा, आणि मग तोंडाने सावकाश, लांबवर सोडायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांनी महिनाभर रोज ५ मिनिटं असा श्वास घेतला. त्यांच्या मनःस्थितीतली सुधारणा ध्यान करणाऱ्या गटापेक्षा जास्त दिसली. मला बहुतेक वेळा तीनच श्वास जमतात, पण तेवढ्यानेही कानापर्यंत चढलेले खांदे खाली येतात. गरगरल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

याने कामाचा डोंगर कमी होत नाही. पण तहानलेल्या, अवघडलेल्या शरीराला तो डोंगर दुप्पट उंच दिसतो, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

दुसरी पायरी: भार जास्त आहे की शक्ती कमी?

या दोन गोष्टी बहुधा हातात हात घालून येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. उपाय मात्र वेगळे आहेत. भार जास्त असेल तर कामं कमी करणं, लहान करणं, वाटून देणं याने फरक पडतो. शक्तीच नसेल तर कितीही सुंदर यादी केली तरी ती नुसती बघत बसावी लागते.

ओळखायला मी स्वतःला एक प्रश्न विचारते: समजा, उद्याची सगळी कामं कुणीतरी येऊन उरकून टाकली, तर मला काय करावंसं वाटेल? "मैत्रिणीला भेटेन", "अर्धवट राहिलेलं विणकाम घेईन" असं काहीतरी मनात आलं, तर तो भार आहे. आतली ओढ शाबूत आहे. "काहीच नको, फक्त पडून राहू दे" हे उत्तर आलं, तर तो थकवा आहे, आणि मग झोप आणि शक्तीबद्दलची सातवी पायरी आधी वाचलेली बरी. तेच उत्तर दोन आठवडे रोज येत असेल, तर सरळ शेवटच्या भागाकडे जा.

तिसरी पायरी: डोक्यातलं कागदावर

एका वेळी आपल्या मनात किती गोष्टी धरून ठेवता येतात? मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली त्याचा आकडा सुमारे ४ असा मांडला. आणि आपण तर भरायचं बिल, मुलाची वही, साहेबांचा मेल, गळणारा नळ, डॉक्टरांची वेळ, कुणाचा तरी वाढदिवस, असं सगळं डोक्यात घेऊन फिरत असतो. काम करायला बसलं की यातलं एकेक मध्येच डोकं वर काढतं.

२०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन संशोधकांनी हेच तपासलं. अपुरी राहिलेली उद्दिष्टं दुसरं काम करताना लोकांच्या मनात घुसत राहिली. पण ज्यांना त्या उद्दिष्टासाठी नेमकी योजना लिहायला लावली, त्यांच्या मनातली ही घुसखोरी थांबली. काम झालेलं नव्हतं, फक्त ते कधी आणि कसं करायचं हे ठरलं होतं. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटतो. मनाला शांत व्हायला सगळं संपावं लागत नाही, त्या कामाला जागा मिळाली की पुरतं.

करायचं असं. एक कागद घ्या. फोन नको, कारण फोन उघडला की पाच मिनिटांनी आपण भलतीकडेच असतो. ५ मिनिटं मनात येईल ते लिहीत जा. क्रम नको, महत्त्व नको, अक्षर वाईट आलं तरी चालेल. "नळ", "ताईला फोन", "भीती वाटते" हे सगळं एकाखाली एक येऊ द्या.

मग कागदावर तीन खुणा करा. जे या आठवड्यात केलं नाही तर खरंच नुकसान होईल, त्याला टिंब. जे दुसरं कुणी करू शकतं, त्याला बाण. जे काम नसून काळजी आहे, त्याभोवती गोल. ही तिसरी खूण लोक करत नाहीत आणि तिथेच अडकतात. "बाबांची तब्येत" हे काम नव्हे, ती काळजी आहे. यादीत ती कधीच "झाली" होणार नाही, आणि रोज ती तशीच दिसली की आपण काहीच करत नाही असं वाटत राहतं. तिच्यातून एखादं काम निघत असेल तर तेवढं वेगळं लिहा: "बाबांना संध्याकाळी फोन करून गोळ्या किती उरल्या ते विचारणं." उरलेली काळजी गोलातच राहू द्या.

टिंबाच्या कामांतली आजसाठी फक्त तीन निवडा. फार थकलेल्या दिवशी एक. बाकीचा कागद घडी करून ठेवून द्या. तो हरवणार नाही.

रात्री पडल्यावर विचार सुरू होत असतील तर हाच कागद झोपण्यापूर्वी करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या प्रयोगात (२०१८, ५७ तरुण सहभागी) ज्यांनी झोपण्याआधी ५ मिनिटं पुढच्या दिवसांच्या कामांची यादी लिहिली, त्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

चौथी पायरी: काम इतकं लहान करा की मन "नाही" म्हणायचं थांबेल

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही पायरी ठेवा.

"घर आवरणं" हे काम नाही, तो चाळीस कामांचा गठ्ठा आहे. थकलेल्या मनाला तो गठ्ठा दिसतो आणि ते पाठ फिरवतं. आपण त्याला आळस म्हणतो. त्या गठ्ठ्यातलं एक काम सुटं करून समोर ठेवलं की तेच मन हलतं. सुटं केलेलं काम कसं असावं, याच्या माझ्या चार कसोट्या आहेत. ते शरीराने करता यावं: "विचार करणं", "बघणं", "सुरुवात करणं" असली क्रियापदं चालत नाहीत, "उचलणं", "उघडणं", "लिहिणं" चालतात. ते दोन मिनिटांत संपावं. ते करताना काही ठरवावं लागू नये. आणि ते झालं की नाही हे डोळ्यांनी दिसावं.

"भांडी घासणं" जमत नसेल तर "सगळे पेले सिंकमध्ये ठेवणं". "आंघोळ" जड वाटत असेल तर "टॉवेल न्हाणीघरात नेऊन अडकवणं", तेही नको वाटलं तर ओल्या फडक्याने तोंड, मान आणि हात पुसणं. "मेलला उत्तर" ऐवजी "मेल उघडून 'नमस्कार' एवढंच लिहून ड्राफ्ट ठेवणं". "कपडे आवरणं" याऐवजी "खुर्चीवरचे फक्त मोजे उचलणं". "व्यायाम" याऐवजी "बूट घालून दाराबाहेर उभं राहणं". माझ्या फॉर्मच्या बाबतीत ते काम "पेन कागदावर ठेवणं" हे होतं.

सुटं केलेलं कामही नकोसं वाटलं तर स्वतःवर चिडू नका. त्याचा अर्थ एवढाच की ते अजून मोठं आहे. पुन्हा निम्मं करा. टॉवेल नेणं जमत नसेल, तर नुसतं उठून उभं राहणं. मन "एवढंच ना?" म्हणेल तिथे तुमचं माप सापडलं. हे माप रोज बदलतं. कालच्या तुम्हाला जे सहज जमलं ते आजच्या तुम्हाला जमेलच असं नाही, आणि काम ठरवायचं ते आजच्या माणसाच्या मापाने.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि इथे मी स्वतः पुष्कळ दिवस चुकत होते. "दोन मिनिटं करू, एकदा सुरुवात झाली की आपोआप पुढे जाऊ" असा छुपा बेत ठेवू नका. मी मोजे उचलायला उठायचे आणि मनात असायचं की या ओघात सगळं कपाट आवरून होईल. एक-दोनदा झालंही. मग मनाला कळलं की "फक्त मोजे" हे आमिष आहे, खरं काम कपाटाचं आहे. त्यानंतर मोज्यांसाठीही उठवेना. स्वतःला दिलेला शब्द पाळावा लागतो: मोजे म्हणजे मोजे. उचलले की काम पूर्ण, थांबायची पूर्ण मुभा. पुढे करावंसं वाटलं तर तो नवा निर्णय, आणि तोही पुन्हा लहानच. ही मुभा खरी असेल तरच पुढच्या वेळी मन सोबत येतं.

झालेलं काम लिहून ठेवा किंवा कागदावर खोडा. "यात लिहिण्यासारखं काय आहे" असं वाटेल, तरी लिहा. थकलेलं मन न झालेल्याची मोजणी बिनचूक ठेवतं आणि झालेलं संध्याकाळपर्यंत विसरून जातं.

पाचवी पायरी: उत्साहाची वाट पाहू नका

"बरं वाटलं की करीन" हे आपण सगळेच म्हणतो. ताप आला असेल तर ते बरोबरच आहे. पण मरगळीच्या दिवसांत गाडी उलटी चालते. आपण गोष्टी सोडत जातो, त्यामुळे दिवसात बरं वाटण्याचे प्रसंग कमी होतात, त्यामुळे आणखी मरगळ येते आणि आपण आणखी गोष्टी सोडतो. पीटर लेविनसॉन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात नैराश्याची हीच उकल मांडली. तिच्यातून "बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन" ही उपचारपद्धत वाढली: भावना बदलण्याची वाट न पाहता छोट्या, ठरवलेल्या कृतींपासून सुरुवात करायची. २०१६ साली इंग्लंडमधल्या ४४० नैराश्यग्रस्त प्रौढांवरच्या मोठ्या चाचणीत ही साधी पद्धत, विशेष तज्ज्ञ नसलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी राबवूनही, अनुभवी थेरपिस्टांच्या सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा, बोलण्यातून होणारा उपचार) या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही.

तुम्हाला नैराश्य आहे असं मी म्हणत नाही. पण त्या पद्धतीतलं एक साधन कुणालाही वापरता येतं. आठवडाभर एका वहीत दर दोन-तीन तासांनी लिहा: काय केलं, त्यातून आनंद किती मिळाला (० ते १०), आणि "जमलं" असं समाधान किती मिळालं (० ते १०). दोन वेगळे आकडे, कारण बिल भरण्यात आनंद १ असेल पण समाधान ७ असू शकतं, आणि मित्राशी गप्पांचं उलट. दिवसाला दोन्ही लागतात.

माझ्या वहीने मला दोन गोष्टी दाखवल्या. विश्रांती म्हणून मी रोज रात्री तासभर फोन सरकवत बसत होते. त्याला आकडे मिळाले १ आणि ०. आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालणं, जे मी "वेळ मिळाला तर" या खात्यात टाकलं होतं, त्याला ६ आणि ५. मी फोन सोडून दिला नाही. फक्त कुंड्या आधी घेतल्या.

एक करून पाहा: टाळत असलेल्या कामाआधी ते किती त्रासदायक होईल याचा अंदाज लिहा, आणि झाल्यावर खरा आकडा. माझे अंदाज जवळजवळ दर वेळी जास्त निघाले. पाच-सहा वेळा स्वतःच्या अक्षरात हे पाहिलं की पुढच्या वेळी धसका कमी बसतो.

सहावी पायरी: आठवणीवर आणि निर्धारावर विसंबू नका

थकलेल्या माणसाकडे या दोन्हींचा साठा कमी असतो. म्हणून छोटं काम आधीपासून होत असलेल्या गोष्टीला जोडून द्या: "दात घासून झाले की बाटली भरीन." "घरात येऊन चपला काढल्या की पिशवी जागेवर ठेवीन." मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात अशा "अमुक झालं की तमुक करीन" योजनांवर संशोधन केलं, आणि नुसत्या "मी करणार आहे" या इराद्यापेक्षा त्या अधिक तडीस जातात असं पुढच्या पुष्कळ अभ्यासांत दिसलं.

एका वेळी एकच जोडणी घ्या. सवय किती दिवसांत लागते? २१ दिवसांचं गणित विसरा. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी (२०१०) लोकांच्या रोजच्या साध्या सवयींचा मागोवा घेतला तेव्हा सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

सातवी पायरी: शक्तीचा हिशेब

दिवसांचे तीन प्रकार आधीच ठरवून ठेवा, बरं वाटत असताना. तळाचा दिवस, मधला दिवस, बरा दिवस. तळाच्या दिवसाची यादी भिंतीवर लावा आणि ती खरंच तळाची असू द्या: औषध, पाणी, काहीतरी खाणं, तोंड धुणं, एका माणसाला "आज जमत नाहीये" असा मेसेज. एवढं झालं की तो दिवस पार पडला. ही यादी आधी लिहायची कारण तळाच्या दिवशी काय सोडावं हे ठरवायचीही ताकद नसते.

जपायचं असतं ते बऱ्या दिवशी. कित्येक दिवसांनी अंगात जोर आला की आपण सगळा बॅकलॉग एकाच दिवशी उपसतो आणि पुढचे तीन दिवस आडवे होतो. अजून थोडी शक्ती शिल्लक आहे असं वाटतं तेव्हाच थांबायला शिका. मला हे सर्वांत अवघड गेलं.

शक्ती वाढवण्याचे मोजकेच उपाय इथे देते. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते. ती कमी पडत असेल तर दुसरी कुठलीही युक्ती तिची भरपाई करत नाही. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही शक्यतो तीच ठेवा, आणि उठल्यावर थोडा वेळ बाहेरच्या उजेडात उभे राहा. घरातला दिव्याचा उजेड बहुधा काहीशे लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) असतो, ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स मिळतो, आणि शरीराचं घड्याळ त्याच उजेडावर लागतं. उठल्या उठल्या पहिला अर्धा तास डोकं जड असणं नैसर्गिक आहे, त्या अर्ध्या तासात दिवसाचा निकाल लावू नका. चहा-कॉफी दुपारनंतर टाळा. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून जास्त घटली.

आणि चालणं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थेअर यांनी १९८७ साली दहा मिनिटांच्या भरभर चालण्याची तुलना गोड खाण्याशी केली. चालल्यानंतर लोकांना अधिक जोम आणि कमी ताण जाणवला. गोड खाल्ल्यावर तासाभराने ताण वाढलेला होता. दहा मिनिटंही सलग नको असतील तर तीन-तीन मिनिटं चाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात किमान दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली आहे. थोडी हालचालही मोजली जाते.

इथे एक इशारा. एखाद्या आजारपणानंतर किंवा तसंही, थोड्याशा श्रमाने दुसऱ्या दिवशी तब्येत फार ढासळत असेल, तर चालणं वाढवत नेऊ नका. काही आजारांत श्रमानंतर त्रास वाढतो आणि तिथे जोर लावल्याने नुकसान होतं. तसं होत असेल तर डॉक्टरांना नेमकं तेच सांगा.

आठवी पायरी: राहून गेलेले मेसेज आणि "नाही"

उशीर झाला म्हणून उत्तर देत नाही, आणि उत्तर देत नाही म्हणून आणखी उशीर होतो. याला कारणमीमांसा लागत नाही. एक वाक्य लिहून ठेवा आणि तेच सगळ्यांना वापरा: "उत्तराला उशीर झाला, माफ कर. तुझा मेसेज लक्षात होता. सविस्तर रविवारी लिहिते." मोठ्यांसाठी त्यातलंच "तुमचा" आणि "माफ करा".

नव्या कामाला जागच्या जागी होकार देऊ नका. "उद्या सकाळी सांगतो" एवढं म्हणायला कुणाचीच हरकत नसते. आणि मदत मागताना "जरा हातभार लाव ना" असं मोघम म्हणण्यापेक्षा यादीतलं बाणाचं एक काम उचलून सांगा: "या आठवड्यात बिल तू भरशील का?" समोरच्यालाही नेमकं काम मिळालं की सोपं जातं.

खंड पडला तर

पडणारच. चार दिवस काही होणार नाही, वही कोरी राहील. तेव्हा स्वतःला झोडपून काढलं तर पुढच्या वेळी शहाणपण येईल, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलं आहे. कॅनडातल्या एका विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात (२०१०) उलट दिसलं: पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. कोरी पानं भरून काढायची नाहीत. आजची तारीख घालायची आणि एक ओळ लिहायची.

डॉक्टरांकडे कधी जायचं

मरगळीमागे कधी कधी रक्तातलं कारण असतं. हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉईडचं काम मंदावणं, बी-१२ ची कमतरता, मधुमेह, यांत माणूस महिनोन् महिने स्वतःला आळशी समजत राहतो. भरपूर झोपूनही ताजंतवानं वाटत नसेल, आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता किंवा झोपेत श्वास अडकतो, तर झोपेची तपासणी हवी. चालू औषधांमुळेही थकवा येतो. ती स्वतःहून बंद करू नका, विचारा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप आणि भूक बदलली असेल, तर छोट्या कृतींबरोबर तज्ज्ञाची मदतही हवी. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर यादी, वही सगळं बाजूला ठेवा. आत्ता जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, आणि मदतवाहिनीला किंवा तातडीच्या वैद्यकीय सेवेला लगेच फोन करा.

एरवी, डॉक्टरांची भेट हाही एक मोठा गठ्ठाच असतो, तेव्हा तोही सोडवून घ्या. एका कागदावर चार ओळी: थकवा कधीपासून आहे, झोप किती होते, दिवसात कोणत्या वेळी जास्त त्रास होतो, कोणती औषधं चालू आहेत. समोर गेल्यावर काही सुचत नाही, तेव्हा हा कागद सरळ त्यांच्या हातात देता येतो. आज फक्त नंबर शोधून त्याच कागदावर लिहा. फोन उद्या. आणि फोन करणंच अवघड वाटत असेल तर घरातल्या कुणाला तरी म्हणा, "मला वेळ घेऊन दे, आणि जमलं तर बरोबर ये."